मँगनीज खनिज २८ टक्क्यांचं आहे. मॅग्नेटिक सेपरेटर (चुंबकाने खनिज वेगळं करणारं यंत्र) घेतला तर ४४ टक्क्यांवर जाईल का?

सेपरेटरचा ॲडव्हान्स दिला नसेल तर आधी थांबा. भंडाऱ्याकडच्या खाणीतला माल, २८ टक्के मँगनीज आणि ४४ मागणारं गिऱ्हाईक, एवढंच तुम्ही लिहिलंय. सिलिका, लोह, फॉस्फरस किती ते नाही, आणि खरं गाडं तिथेच अडतं.

मी सध्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीच्या लॅबला आहे. त्याआधी अकरा वर्षं भंडारा जिल्ह्यात खनिज धुण्याच्या प्लांटवर काढली.

घरी तांदूळ रोळताना पाहिलेत ना? पाण्यात हिसके दिले की तांदूळ वर येऊन पुढे सरकतात, खडे तळाला राहतात. जिग, म्हणजे पाण्याच्या हिसक्यांनी जड आणि हलके दाणे वेगळे करणारं यंत्र, हेच करतं. गारगोटीची, म्हणजे सिलिकाची, घनता २.६५, पायरोलुसाइट किंवा ब्राउनाइट या मँगनीजच्या खनिजांची ४.७ च्या आसपास. एवढ्या फरकावर दाणे सहज वेगळे होतात, पण ते एकमेकांपासून सुटलेले हवेत. म्हणून आधी पाच-सहा किलो माल १० मिलिमीटरपर्यंत फोडा, चार चाळण्यांतून काढा, प्रत्येक भाग धुऊन भिंगाखाली बघा. काळा दाणा आणि पांढरा दाणा वेगवेगळे दिसले तर काम स्वस्तात होईल. एकाच दाण्यात दोन्ही रंग दिसले तर आणखी फोडावं लागेल.

फोडण्यालाही मर्यादा असते. आमच्या प्लांटवर एका वर्षी टक्केवारी वाढवायला माल फार बारीक दळला. पायरोलुसाइट मऊ, हाताला काजळी लावणारं. त्याचंच पीठ झालं आणि पाण्याबरोबर वाहून गेलं. सकाळी गाळाच्या टाकीत पाणी शाईसारखं काळं असायचं. तो गाळ तपासला तर मूळ मालाइतकंच मँगनीज त्यात होतं. मला ते अजून सलतं.

दुसरी अडचण तुमच्याच भागातली. तिथल्या गोंडाइट खडकात मँगनीजचं गार्नेट असतं. त्यात मँगनीज ३३ टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. ते जड असतं म्हणून जिगमध्ये खनिजाबरोबर राहतं, आणि थोडं चुंबकीयही असतं म्हणून तुमच्या सेपरेटरमध्येही खनिजाच्याच बाजूला येतं. ब्राउनाइटमध्ये तर सुमारे १० टक्के सिलिका खनिजाच्या रचनेतच असते. ती फोडून, धुऊन निघत नाही.

लोहाचंही तसंच. शक्तिशाली चुंबक मँगनीज खेचतो तसा हेमेटाइट हे लोहाचं खनिजही खेचतो. सिलिका काढली की टक्केवारी वाढते, पण मँगनीज आणि लोहाचं एकमेकांशी प्रमाण होतं तेवढंच राहतं, आणि फेरोमँगनीज (लोह-मँगनीजचा मिश्रधातू) बनवणारे ते प्रमाणच आधी बघतात. लोह काढायचं तर माल कोळशाबरोबर भाजून हेमेटाइटचं मॅग्नेटाइट, म्हणजे जोरदार चुंबकीय खनिज, करावं लागतं, मग साध्या चुंबकाने ते बाजूला होतं. त्याचा खर्च छोट्या खाणीला झेपत नाही. फॉस्फरस तर भट्टीत जवळजवळ सगळा धातूतच उतरतो.

आता हिशेब बघा. १०० टन मालात २८ टन मँगनीज. त्यातलं ७० टक्के हाती लागलं तर १९.६ टन, म्हणजे ४४ टक्क्यांचा माल साधारण ४४.५ टन. उरलेले ५५ टन टाकायला जागा, धुवायला पाणी आणि वीज यांचा खर्च याच ४४ टनांवर बसतो.

एक सांगतो, ४४ चा हट्ट कशाला? सिलिकोमँगनीज, म्हणजे सिलिकॉन आणि मँगनीजचा मिश्रधातू, बनवणाऱ्या भट्टीला सिलिका हवीच असते. तिशीतलं खनिजही ते इतर मालात मिसळून घेतात, फॉस्फरस कमी असला की झालं. इथल्या फाउंड्र्यांतही सिलिकोमँगनीज लागतंच. नुसतं धुऊन, चाळून ३४-३५ मिळत असेल तर आधी त्या गिऱ्हाइकाकडे जा.

नमुना नागपूरला भारतीय खाण ब्यूरोच्या खनिज प्रक्रिया प्रयोगशाळेला दाखवा. चारही चाळण्यांचे मँगनीज, लोह, सिलिका, फॉस्फरसचे आकडे आले की इथे टाका, जिग घ्यायचं का ते मी नक्की सांगेन.