१ चे ५ आणि ५ चे १ करताना ४ आणि ५ गेले कुठे?

तुमची अडचण थोडक्यात अशी: प्रश्नावलीत उत्तरं १ ते ५ आहेत आणि काही प्रश्न उलटे विचारलेत. 'आर' या आकडेमोडीच्या संगणक-भाषेत एकाखाली एक ओळी लिहून तुम्ही १ चे ५, २ चे ४, ४ चे २ आणि ५ चे १ केलेत, तर रकान्यात फक्त १, २, ३ उरले. शिवाय जिल्ह्यांची जुनी नावंही बदलायची आहेत.

पहिल्या ओळीने १ चा ५ केला. शेवटच्या ओळीला हा ५ मुळातला की आत्ताच झालेला, हे कळायला मार्गच नाही. तिने तो परत १ केला. २ आणि ४ चंही तेच. आता त्या रकान्यावरून मूळ उत्तर शोधता येणार नाही. मूळ फाइल पुन्हा वाचून घ्या आणि यापुढे जुन्या रकान्याला हात न लावता नेहमी नवा रकाना करा.

उलट्या प्रश्नांसाठी ६ मधून उत्तर वजा केलं की झालं. पण त्याआधी ९९ आहेत का ते बघा. मी पुण्यात सर्वेक्षणांची आकडेमोड करते. हडपसर भागातल्या एका कामात 'उत्तर दिलं नाही' यासाठी ९९ भरलेला होता. मी तो न काढताच वजाबाकी केली, ९९ चे उणे ९३ झाले आणि एका प्रश्नाची सरासरी शून्याच्या खाली गेली. निदान ती चूक डोळ्यांत भरली. वयाच्या रकान्यात हाच ९९ एखाद्या आजींचं वय म्हणून खपून जातो.

रकाना 'फॅक्टर' असेल, म्हणजे 'आर'ने त्यातली उत्तरं आकडे न मानता ठरावीक गट (पातळ्या) म्हणून साठवली असतील, तर सरळ अंकात बदलू नका, आधी अक्षरांत आणि मग अंकांत बदला. नाहीतर 'आर' मूळ आकडा न देता पातळीचा क्रमांक देतो. कुणीच १ निवडला नसेल, तर २, ३, ४, ५ चे गुपचूप १, २, ३, ४ होतात.

जिल्ह्यांसाठी जुनं नाव आणि नवं नाव असा दोन रकान्यांचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये करा आणि 'लेफ्ट जॉइन'ने जोडा, म्हणजे तुमच्या सगळ्या ओळी तशाच राहून जुळणाऱ्या नावासमोर नवं नाव येतं. तक्त्यात न सापडलेली नावं रिकामी येतात, म्हणजे 'बीड' आणि 'बिड' असले घोळ लगेच दिसतात. जोडल्यावर जुन्या-नव्याचा आडवा-उभा तक्ता, म्हणजे कुठल्या जुन्या नावाचं कुठलं नवं झालं आणि किती ओळींत, हे काढून बघाच. मी तो काढल्याशिवाय पुढे जात नाही.

माहिती देशभराची असेल तर राज्याचा कोडही जोडणीत घ्या. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. नुसत्या नावावर गेलात तर तोही छत्रपती संभाजीनगर होईल. जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७ आणि बिहारचा १० आहे.

पालघरचं मात्र नाव बदलून भागणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत. पालघर ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. जुन्या माहितीत 'ठाणे' लिहिलेली ओळ आजच्या कुठल्या जिल्ह्यातली, हे जिल्ह्याच्या नावावरून ठरत नाही. तुमच्याकडे तालुका असेल तर वसई, वाडा, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी आणि पालघर हे आठ तालुके पालघरला द्या. तालुका नसेल तर नवी माहितीच ठाणे आणि पालघर एकत्र करून जुन्याशी ताडा.