पहिल्या गोधडीचा नमुना

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या गोधडीसाठी तू निवडून पाठवलेले तिन्ही नमुने पाहिले. तिन्ही देखणे आहेत आणि तिन्ही सध्या बाजूला ठेव, असे मी सांगणार आहे. चांदणीच्या नमुन्यात सगळे त्रिकोण आहेत. त्रिकोणाची एक तरी कड कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी जाते, आणि तिरके कापलेले कापड, त्यातही वापरून विरलेले लुगडे, नुसते हाताळतानाच ताणले जाते. मग कितीही मोजून कापले तरी टोकाला टोक जुळत नाही. षटकोनांची गत तीच, शिवाय प्रत्येक तुकड्याच्या सहा कडा सांभाळाव्या लागतात. कमळ आणि माशांचा तिसरा नमुना बंगालच्या कांथ्याच्या, म्हणजे तिथल्या गोधडीच्या, वळणाचा आहे. तिथे चित्र टाक्यांनीच काढायचे असते आणि त्यासाठी धावदोरा आधी हातात बसलेला लागतो.

तू नऊ चौकोनांचे दुपटे कर. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन चौकोन, पाच गडद लुगड्याचे आणि चार फिक्या, एकाआड एक मांडलेले. अमेरिकेतही गोधडीकाम शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा हाच नमुना प्रथम देतात आणि त्याला ‘नाइन पॅच’ म्हणतात. प्रत्येक चौकोन 11 इंचांचा काप, म्हणजे चारी बाजूंची अर्धा-अर्धा इंच शिलाई जाऊन 10 इंच उरतील. आधी तीन ओळी स्वतंत्र शिवून घे आणि नंतर ओळीला ओळ जोड. शिलाईची आतली पट्टी नेहमी गडद कापडाच्या बाजूला मोडून इस्त्री कर. गडद-फिके एकाआड एक असल्यामुळे शेजारच्या ओळींच्या पट्ट्या आपोआप विरुद्ध दिशांना मोडल्या जातात, कोपरे एकमेकांत नीट अडकतात आणि एकाच जागी जाड गाठोडे होत नाही. या 30 इंचांच्या चौकोनाभोवती 3 इंच रुंदीचा काठ लावलास की दुपटे 36 इंचांचे होते. चारी बाजूंना मिळून काठ चार वारांहून थोडा जास्त लागतो आणि तो जुन्या नऊवारीचाच काढता येतो. नवा विकत आणलेला काठ सहसा आटतो आणि पहिल्याच धुण्यात कडेला चुण्या पाडतो.

नमुना सोपा की अवघड, हे पुष्कळदा जोडकामावर ठरत नाही, तर वरून किती टाके घालायचे त्यावर ठरते, आणि सुरुवातीला हा हिशेब कोणीच करत नाही. आपल्याकडची गोधडी कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी शिवत नेतात. 36 इंचांच्या दुपट्यावर ओळींत एक इंच अंतर ठेवलेस तर सर्व फेरे मिळून 36 वार धावदोरा होतो. अंतर अर्धा इंच केलेस की तोच 72 वारांवर जातो. पाच फूट बाय सात फूट अशी अंथरण्याची गोधडी घेतलीस तर एक इंच अंतरानेसुद्धा 140 वार शिवावे लागते. म्हणून पहिल्या वेळी दुपटेच, आणि ओळींत अंतर इंचभर. त्याहून फार विरळ मात्र नको, कारण मग धुतल्यावर आतले थर सरकतात.

कापडाच्या बाबतीत मी हट्टी आहे. सगळे सुती, सगळे धुवून खळ गेलेले आणि शक्य तो सारख्याच जाडीचे घे. सिंथेटिक साडीचा एकही तुकडा नको. तो सुती कापडाबरोबर आटत नाही आणि सुईखाली निसटतो. गडद कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग उतरला तर ते कापड दुसऱ्या कामाला ठेव. वर जोडकाम, मध्ये जुन्या लुगड्याचे दोन थर आणि खाली अस्तर, असे चार थर बाळाच्या दुपट्याला पुरे होतात. याहून जास्त थर घेतलेस तर सुई वरून खाली सरळ उतरणार नाही आणि मागचे टाके वेडेवाकडे येतील.

थर जमिनीवर ताणून अंथर आणि कच्चे टाके मध्यापासून कडांकडे, वीतभर अंतराने घाल. पक्का धावदोरा कडेकडून आत येणार असल्यामुळे सैल राहिलेले कापड मध्यभागी गोळा होऊन फुगते. कच्च्या टाक्यांनी ते आधीच बाहेर सारलेले असले की हा त्रास राहत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातील बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करताना तुकडे आधी जोडतच नाहीत. कोपऱ्यापासून सुरुवात करून ते एकेक मांडत, कड दुमडत, त्याच धावदोऱ्याने मध्यापर्यंत शिवत जातात. ती रीत मला फार आवडते, परंतु तिथे मापाचे काम डोळ्याने करायचे असते, त्यामुळे ती तुझ्या तिसऱ्या-चौथ्या गोधडीसाठी राहू दे.

चौकोन कापून झाले की शिवण्याआधी नऊही जमिनीवर मांडून मला छायाचित्र पाठव, आणि कच्चे टाके झाल्यावर मागच्या बाजूचेही पाठव. दोरा दुहेरी घ्यावा की एकेरी, ते तुझ्या कापडाची जाडी पाहून कळवीन.

तुझी,
मावशी