वाचक विचारतात : लायसन्स दाखवा, चावी खिशात ठेवा

प्रश्न : सिग्नलला हवालदाराने अडवलं आणि काही विचारायच्या आत स्कूटरची चावी काढून घेतली. मोबाइलमधलं लायसन्स ‘चालत नाही’ म्हणाले. पाचशे द्या, पावती मिळणार नाही, असंही सांगितलं. ऑफिसला उशीर होत होता, दिले. यातलं कायदेशीर किती?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : अडवणं कायदेशीर, लायसन्स मागणंही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं. हवालदाराला तो अधिकार नाही, हा समज चुकीचा आहे.

चावीचं मात्र तसं नाही. ती काढून घ्यायचा अधिकार देणारं कलम या कायद्यात नाही. गाडी अडकवून ठेवण्याची कारणं कलम २०७ मध्ये ठरलेली आहेत: लायसन्सच नसणं, चालवणारा अल्पवयीन असणं, नोंदणी किंवा परमिट नसणं. शिवाय चावी ओढली की इंजिन बंद पडतं, स्कूटर भर लेनमध्ये उभी राहते आणि मागून एनएमएमटीची बस येत असते. दंडवसुलीसाठी कुणाचा जीव धोक्यात घालणं आम्हाला अजिबात मान्य नाही. तुम्ही एवढं करा: इंडिकेटर देऊन डावीकडे कडेला या, इंजिन स्वतः बंद करा, चावी खिशात टाका, मग लायसन्स काढा.

मोबाइलमधलं लायसन्स केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ नुसार चालतं, पण ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं हवं. गॅलरीतला फोटो चालत नाही. अनेकांची चूक होते ती डिजिलॉकरमध्येच: स्वतः स्कॅन करून चढवलेली प्रत दाखवतात. ‘इश्यूड’ विभागात परिवहन खात्याकडून आलेली प्रत लागते. ती घरीच उतरवून ठेवा. रस्त्यात ऐन वेळी ओटीपी येत नाही.

आता पाचशे रुपये. २०१८ च्या दुरुस्तीपासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली लाच देणंही गुन्हा आहे. मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर देणाऱ्याला संरक्षण मिळतं. म्हणून आज कितवा दिवस ते मोजा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा. यूपीआयने दिले असतील तर ती नोंद जपून ठेवा. खरोखर नियम मोडला असेल तर ‘ई-चलान करा’ एवढंच म्हणायचं. ‘साहेब, पावती राहू द्या, थोडं कमी करा’ हे पुष्कळदा गाडीवालाच आधी म्हणतो, आणि पुढच्या माणसाकडे पैसे मागायची वाट तिथूनच मोकळी होते.

प्रश्न : घोडबंदर रोडच्या नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला नकार देता येतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : देऊ नका. दारूचा वाजवी संशय असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ खाली चाचणी घेता येते, आणि त्या संशयावर नकार दिला तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. नळी तुमच्यासमोर पाकिटातून नवी काढायला सांगा, फुंकण्याआधी आकडा शून्य आहे ना ते बघा. नुकताच माउथवॉश वापरला असेल तर तसं सांगून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. तोंडातला अल्कोहोल तेवढ्यात उडतो, रक्तातला नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याच कायद्याच्या कलम १८५ खाली अटक झालीच, तर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. अटकेची वेळ लगेच लिहून ठेवा.

प्रश्न : पोलिसांशी बोलताना व्हिडिओ काढला तर?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर काढता येतो. फोन छातीशी धरा, त्यांच्या तोंडासमोर नेऊ नका, वाटही अडवू नका. कामात अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ लागू शकतं, धक्काबुक्की झाली तर त्याहून कडक कलम १३२. छातीवरची नावाची पट्टी आणि घड्याळातली वेळ एवढं टिपलं तरी तक्रारीला पुरतं.