मास जुळला म्हणून थांबू नको

बेटा,

प्रोजेक्टले लॅसो पेप्टाइड, म्हणजे स्वतःच्याच रिंगमधून शेपूट ओवलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी, घेतलं हे वाचून लय बरं वाटलं. आपल्याकडची पोरं सोपा टॉपिक पाहून मोकळी होतात, तू अवघड धरला, आता धरलाच आहे तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव, मास, म्हणजे रेणूचं मोजलेलं वजन, अपेक्षेशी जुळला म्हणजे काम झालं असं नाही.

काहून ते सांगतो. मायक्रोसिन जे२५ हा लॅसो घे, ई. कोलाय ह्या बॅक्टेरियाचा एक स्ट्रेन तो बनवतो, २१ अमिनो आम्लं. पहिलं ग्लायसिन आठव्या ग्लुटामेटच्या साइड चेनला जोडलं जातं, एक पाणी निघतं, रिंग तयार होते आणि उरलेली शेपूट त्या रिंगमधून आरपार गेलेली असते. १९ वं फिनाइलअॅलनिन रिंगच्या एका बाजूला, २० वं टायरोसिन दुसऱ्या बाजूला, दोघंही जाडजूड, म्हणून शेपूट ना वर सरकते ना खाली. आता हीच शेपूट रिंगच्या बाहेर लोंबत राहिली तरी अणू तेवढेच, बंध तेच, मास तोच बाप्पा! १९९९ मध्ये ह्याच रेणूची रचना साधी गोल, टोकाला टोक जोडलेली, म्हणून छापून आली होती, २००३ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी लॅसो आहे हे दाखवलं.

घरी आहेस तोवर पोतं शिवायची सुतळी घे आणि हे हातानं करून पाह्य. २१ खुणा कर, रिंग बांध, शेपूट ओव, १९ आणि २० वर जाड गाठी मार, मग १० आणि ११ च्या मधात कात्रीनं काप. थर्मोलायसिन नावाचं एन्झाइम तिथंच कापतं. दोन तुकडे झाले तरी ते सुटत नाहीत, एकही बंध नसताना एकमेकांत अडकून राहतात, हे झालं रोटॅक्सेन. रेणूंपासून मशीन बनवण्यासाठी सोव्हाज, स्टॉडार्ट आणि फेरिंगा ह्यांना २०१६ चं नोबेल मिळालं, त्यात सोव्हाज आणि स्टॉडार्टचं काम अशाच अडकलेल्या रेणूंवरचं, आणि बॅक्टेरिया हे ओवणं दोन एन्झाइम आणि एटीपी ह्या पेशीतल्या इंधनावर करून टाकतो. मला तर अजूनही हे नवलाचंच वाटते.

२०२५ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला एका घराच्या मागच्या अंगणातल्या मातीतून लॅरिओसिडिन निघालं, तेही लॅसोच, बॅक्टेरियाच्या रायबोसोमला, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रणेला, पकडणारं नवीन अँटिबायोटिक. ते वाचून आपल्या वावरातली काळी माती लॅबमध्ये न्यायचा मोह होईल, होऊ दे, पण आधी माहितीतल्या रेणूवर हात बसव.

सॅम्पलचे दोन भाग कर, एक तसाच ठेव, दुसरा ९५ डिग्रीवर काही तास तापव, दोन्ही एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या मशीनवर, चालव. आलेखातला पीक, म्हणजे उंचवटा, सरकला तर शेपूट निसटली असू शकते, नाही सरकला तरी लगेच खूश होऊ नको, जे२५ उष्णतेला दाद देत नाही पण न ओवलेला रेणूही तसाच राहील. म्हणून दोन्हीत कार्बोक्सीपेप्टिडेज हे एन्झाइम टाक, ते शेपटीच्या टोकाकडून खात येतं, ओवलेली शेपूट बरीचशी वाचते, मोकळी असली तर रिंगपर्यंत खाऊन टाकते. आणि शेवटी एनएमआर, रेणूतले अणू कुठं कसे बसलेत ते दाखवणारी तपासणी, त्याशिवाय रचनेबद्दल ठामपणे काही लिहू नको.

कार्बोक्सीपेप्टिडेज तुमच्या लॅबमध्ये आहे का ते गाईड मॅडमले ह्याच आठवड्यात विचार, नसलं तर ऑर्डर आत्ताच टाकायले सांग, यायला वेळ लागते.

तुझे सर