वाचकांचे प्रश्न : गोळीच्या विद्राव चाचणीला माध्यम कोणते?

प्रश्न : प्रकल्पासाठी मी आयबुप्रोफेनच्या ४०० मिलीग्रॅमच्या गोळ्या तयार केल्या आहेत. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात त्या जेमतेम विरघळतात, तर ७.२ सामूच्या फॉस्फेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सर्व बॅचचे निकाल सारखेच येतात. विद्राव चाचणीसाठी, म्हणजे गोळीतले औषध किती वेगाने विरघळते हे पाहण्यासाठी, माध्यम (ज्यात गोळी विरघळवायची तो द्रव) कोणते निवडावे?
— बी. फार्म.ची विद्यार्थिनी, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : गोळी जठरात जाते म्हणून माध्यम आम्लच हवे, ही समजूत आधी सोडावी. आयबुप्रोफेन हे सौम्य आम्ल असून त्याचा पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा आकडा) साधारण ४.५ आहे, त्यामुळे आम्लात त्याची विद्राव्यता मिलिलिटरला ०.१ मिलीग्रॅमपेक्षाही कमी भरते. म्हणजे ९०० मिलिलिटरमध्ये ९० मिलीग्रॅमही मावत नाही आणि गोळीत तर ४०० आहेत. अशा माध्यमात उत्तम गोळीही नापासच होणार. सिंक कंडिशनसाठी, म्हणजे आधी विरघळलेल्या औषधामुळे पुढचे विरघळणे अडू नये यासाठी, संपृक्त द्रावणाला लागेल त्याच्या किमान तिप्पट माध्यम असावे लागते. तुमच्या गोळीला त्या हिशेबाने मिलिलिटरला सुमारे १.३ मिलीग्रॅम विद्राव्यता हवी आणि ती ७.२ सामूला सहज मिळते.

तरीही सर्व बॅच सारख्या दिसणे ही आनंदाची बाब नव्हे, कारण सदोष गोळीला पकडू न शकणारे माध्यम चाचणी म्हणून निरुपयोगी असते. तुम्ही नमुना फक्त शेवटी घेत असाल, तर तो ५, १०, १५, २० आणि ३० मिनिटांनी घ्या. मुद्दाम जास्त दाबाची एक बॅच आणि क्रॉसकारमेलोज (गोळी फुटायला मदत करणारा घटक) न घातलेली दुसरी करून पाहा. पॅडल (माध्यम ढवळणारे पाते) मिनिटाला ५० फेऱ्यांवर ठेवूनही त्यांचे आलेख मूळ बॅचच्या आलेखावरच बसले, तर ६.८ सामूचा बफर वापरून पाहावा.

सोडियम लॉरिल सल्फेट (औषध विरघळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ) वापरायची गरज तुम्हाला पडू नये. सामू बदलून भागत नाही अशाच औषधांना ते द्यावे, तेही कमीत कमी. शिवाय पोटॅशियम फॉस्फेटच्या बफरमध्ये त्याचा साका खाली बसतो, म्हणून तेथे बफरसाठी फॉस्फेटचा सोडियम क्षारच घ्यावा लागतो.

बफरसाठी शुद्धीकृत पाणीच वापरावे (आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा विचारही नको) आणि त्यातील हवा आधी काढावी. नाहीतर ३७ अंशांवर गोळीला बुडबुडे चिकटतात आणि निकाल वर-खाली होतात. शिवाय फिल्टर औषध शोषून घेत नाही ना, हे ज्ञात संहतीचे द्रावण त्यातून गाळून, गाळण्यापूर्वीचे व नंतरचे मापन ताडून पाहावे.