पडद्यामागच्या कामाचे शिक्षण आणि एका वडिलांची काळजी

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकणारी एक मुलगी वडिलांसोबत माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिला नाट्यनिर्मितीचे व्यवस्थापन शिकायचे होते. वडील बँकेत नोकरीला होते आणि त्यांचे म्हणणे एका वाक्यात होते : "हिला खुर्च्या उचलायला शिकायचे आहे आणि त्यासाठी आणखी दोन-तीन वर्षे हवी आहेत." यावर मुलगी गप्प राहिली.

तिच्याशी एकटीशी बोलले तेव्हा तिची स्वतःची काळजी वेगळीच निघाली. महाविद्यालयाच्या एकांकिकेत तिला भूमिका मिळाली नव्हती, त्यामुळे अभिनय जमत नाही म्हणून आपण हे काम धरून बसलो आहोत, असे इतरांप्रमाणे तिलाही वाटू लागले होते. ही शंका बोलून दूर होण्यासारखी नव्हती, म्हणून मी तिला एक काम दिले. दोन अंकी नाटकाचा रविवारी दुपारी नाशिकला प्रयोग आहे आणि संच मुंबईहून निघणार आहे, असे धरून तिने सगळे नियोजन आणि हिशेब कागदावर मांडायचा होता.

पंधरा दिवसांनी ती सहा पाने घेऊन आली. नाट्यगृहाचे भाडे, बस, नेपथ्याचा टेम्पो, कलाकार व तंत्रज्ञांची नाईट (म्हणजे दर प्रयोगाचे मानधन), वर्तमानपत्रातील जाहिरात, जेवण, तिकिटांचा प्लॅन कधी उघडायचा (म्हणजे विक्री कधी सुरू करायची), सगळे तिने नोंदवले होते. मात्र प्रयोग संपला की तिचा कागदही संपत होता. आपल्याकडील बहुतेक नाट्यगृहे सकाळ, दुपार आणि रात्र अशा सत्रांत दिली जातात. दुपारचा प्रयोग वीस मिनिटे लांबला, तर सेट उतरवून टेम्पोत भरेपर्यंत रात्रीच्या नाटकाची मंडळी दाराशी ताटकळत उभी असतात आणि त्यांची तिसरी घंटा, म्हणजे प्रयोगाची सुरुवात, लांबते. हे मी सांगताच तिने पेन काढले आणि दुसऱ्या अंकाआधीचे मध्यंतर किती मिनिटांचे ठेवता येईल, याचा हिशेब तिथेच मांडायला घेतला. भूमिका न मिळाल्याचे दुःख घेऊन आलेली मुलगी त्या क्षणी मला दिसली नाही. नाटकाच्या जाहिरातीत व्यवस्थापकाचे नाव अनेकदा 'सूत्रधार' म्हणून छापतात, ते मला उगाच वाटत नाही.

पुढच्या बैठकीत वडिलांनी तीच पाने वाचली आणि भुवया उंचावून विचारले, "टेम्पोवाल्याशी लेखी काही नाही? आगाऊ रकमेची पावती कुठे आहे?" व्यवस्थापकाचे निम्मे काम हेच असते, असे मी त्यांना सांगितले.

शिक्षणाबाबत मी दोघांना स्पष्ट चित्र दिले. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासून आहे, तेथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून प्रवेशासाठी पदवी आणि नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र येथेही नाटकाचे रीतसर शिक्षण मिळते. परंतु या ठिकाणी भर अभिनय, दिग्दर्शन आणि रंगतंत्रावर अधिक असतो. तारखा मिळवणे, कलाकारांच्या चित्रीकरणाच्या वेळा सांभाळणे आणि प्रयोग रद्द झाला तर प्रेक्षकांचे पैसे परत करणे, हे अजूनही एखाद्या अनुभवी व्यवस्थापकाच्या हाताखालीच शिकावे लागते, असे माझे मत आहे. म्हणून आधी पदवी पूर्ण करावी, मग एक हंगाम एखाद्या संस्थेबरोबर फिरावे आणि त्यानंतरच प्रवेशपरीक्षेचा विचार करावा, असे ठरले.

पैशांबाबत मात्र मी वडिलांची काळजी खोटी ठरवली नाही. मोबदला बहुधा प्रयोगागणिक मिळतो, परीक्षांच्या आणि भर पावसाच्या दिवसांत प्रयोग कमी होतात, त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षे या मिळकतीवर घरखर्च धरू नये, असे मी सांगितले. संगीत महोत्सव, नृत्याचे कार्यक्रम, संस्थांचे सोहळे यांतही हेच कौशल्य लागते, हे ऐकून ते थोडे सैलावले.

सध्या ती एका संस्थेबरोबर शनिवार-रविवार जाते. वडिलांनी तिच्यासाठी खर्चाची वही आखून दिली आहे. भविष्यनिर्वाह निधीचे काय, हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे आणि पुढच्या बैठकीसाठी त्यांनी तो लिहून ठेवला आहे.