निकालपत्र आधी, पडदा नंतर
चित्रपटातील कायद्यावर प्रबंध लिहायचा असेल, तर आरंभ चित्रपटापासून करू नका. आधी चित्रपट दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या सेन्सॉरशिपविरोधी खटल्याचे १९७० चे निकालपत्र मुळातून वाचा. चित्रपट इतर कलांपेक्षा प्रेक्षकाच्या भावना अधिक तीव्रतेने चेतवतो, असे कारण देत सर्वोच्च न्यायालयाने त्याची प्रदर्शनापूर्वीची तपासणी राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२)च्या, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील वाजवी निर्बंधांच्या, चौकटीत वैध ठरवली. पडद्याविषयी न्यायालयाचेच हे मत मला तरी अनेक पटकथांपेक्षा रंजक वाटते. त्यानंतर ‘कोर्ट’ (२०१४) पाहा: आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असलेल्या लोकशाहिराच्या खटल्यात सरकारी वकीलबाई कलमे एकसुरी वाचत जातात आणि पुढची तारीख पडते. आपल्या पुण्यात विधी महाविद्यालय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय एकाच लॉ कॉलेज रस्त्यावर आहेत, तेव्हा अंतराची सबब चालणार नाही.